मराठीच्या तासाला टीव्ही, मोबाईल, व्हॉट्सॲप नेमकं कसं वापरायलात? (आठवी-नववी)

जालन्याचा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी झेडपीच्या शाळेवर आठवी-नववीला मराठी शिकवतो. यंदा गावानं लोकवर्गणी करून वर्गात मोठा टीव्ही बसवून दिला, नेट पण आहे, म्हणजे लाईट असली तर आहे. तेव्हापासून आमच्याकडं काय चालू आहे तर कवितेचा तास आला की यूट्यूबवर चाल लावलेली कविता लावायची, लेकरं माना डोलावतात, मग पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवरचा व्हिडिओ दाखवायचा, झाला तास. फोटो ग्रुपवर, केंद्रप्रमुख खुश. पण वही काढा अन् या कवितेत तुम्हाला काय भावलं ते चार ओळीत लिहा म्हणलं की "मला ही कविता खूप आवडली कारण ती खूप छान आहे." एकापासून शेवटच्या बाकापर्यंत हेच.

घरी फोन बहुतेकांच्या आहे पण एकच, तो वडिलांच्या खिशात, रात्री जेवणं झाल्यावर हाती लागतो अन् लागला की रील सुरू. वरून आता नवीनच, निबंध एआयला लिहायला लावून वहीत उतरवून आणायलेत, ज्या पोराला "पाऊस" शब्दाला दीर्घ ऊ कुठं द्यायचा ते माहीत नाही त्याच्या निबंधात "चैतन्याची उधळण" कुठून आली हे काय मला कळत नाही का.

तर विचारायचं हे, की या सगळ्या साधनांनी लेकरांचं वाचन, लेखन, बोलणं खरंच सुधारलंय असं कुणाकडं काही आहे का? क्विझचं सांगू नका, ते करून झालंय, लेकरं अंदाजपंचे ऑप्शन दाबतात. अन् मोठ्या खाजगी शाळेतलं टॅबलेट बिबलेट पण नको, आपल्याकडं जमेल असं सांगा.

बालाघाटची_ताई

सर, टीव्हीचं राहू द्या बाजूला, टीव्हीसमोर लेकरू बघ्या होतं. मी बीड जिल्ह्यात आहे, आमच्या वर्गातल्या निम्म्याच्या वर लेकरांचे आईबाप दसरा झाला की ऊसतोडीला जातात, कुणी सांगली-कोल्हापूरकडं कुणी कर्नाटकात. लेकरं काही सोबत जातात, काही हंगामी वसतिगृहात, काही आजीपाशी. आता उसाच्या फडात बसलेल्या माणसाला चिठ्ठी कोण पाठवणार, पण व्हॉट्सॲप तिकडंही असतंच. म्हणून आम्ही व्हॉइस मेसेज धरला. आधी वहीत लिहायचं, मग ते बघून एका मिनिटात आईला नाहीतर वडिलांना बोलून पाठवायचं, आजीच्या फोनवरून. नियम एकच, ऐकणाऱ्याला परत विचारायची गरज पडली नाही पाहिजे.

आठवीतल्या एका मुलीनं पाठवलं, "आपली म्हैस व्याली, सगळं चांगलं आहे." झालं, संपलं पत्र. तिकडून वडिलांचा मेसेज आला, कोयता चालू असल्याचा आवाज मागं, "वगार हाय का रेडा? रातीच्याला व्याली का दिवसा? जार पडला का? आज्जीला धार काढू देती का? खरवस कुणाकुणाला दिला?" मी ते सगळे प्रश्न तिच्या परवानगीनं फळ्यावर लिहिले. वर्णन करा म्हणजे काय करा हे मी वर्षानुवर्षं शिकवायले, पण त्या माणसानं जे पाच प्रश्न विचारले त्यांच्यात सगळं आलं. पोरीनं दुसऱ्या दिवशी अर्धं पान लिहून आणलं, कुणी सांगितलं नव्हतं. शेजारची म्हातारी कंदील घेऊन आली तेही त्याच्यात, जार (व्याल्यावर पडणारी वार) पुरला ते पण.

दुसरं म्हणजे ओव्या. ज्यांच्या घरी जात्यावर दळलेली आजी आहे त्यांनी तिच्या ओव्या फोनवर रेकॉर्ड करून आणायच्या, अन् मग ऐकत ऐकत हातानं लिहून काढायच्या. दहादा थांबवून मागं घ्यावं लागतं, कान तयार होतो तो असा. लेकरांना कळत नाही ओवीची ओळ कुठं मोडायची, मग भांडतात, मग आजीकडं जाऊन विचारून येतात. हे कंटाळवाणं वाटलं तर पारीची (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) वेबसाइट बघा, तिथं हेमा राईरकर अन् गी पॉइटविन यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत, एक लाखाच्या वर जमवल्यात त्यांनी, आपल्या माजलगावच्या बायकांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या पण आहेत तिथं, आवाजासकट. माझ्या वर्गातल्या पोरी ते ऐकून चाट पडल्या, त्यांना वाटायचं कविता म्हणजे पुण्याच्या माणसांनीच करायची असती.

लातूरचा_खडूफळा

ताई म्हैस बेस्ट. वगार का रेडा ते मात्र तुम्ही सांगितलंच नाही.

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका कुणी. शेवटी बोर्डाची कृतिपत्रिका पेननंच सोडवायचीय. दहावीच्या मराठीला (कुमारभारती) ८० पैकी २४ मार्क उपयोजित लेखनाला, म्हणजे पत्र, बातमी, निबंध असल्या लेखनाला आहेत अन् आपल्या पोरांचा हात तीन पानात दुखायला लागतो. त्याच्यामुळं वर्गात मोबाईल आणून गंमतजंमत करण्यापेक्षा रोज एक पान लिहून घ्या, ह्या मताचा मी आहे. लातूरचा माणूस आहे, मार्कावर आलो म्हणून हसू नका.

पण दोन जागा अशा आहेत की तिथं फोन नसला तर शिकवणंच खोटं वाटतं. एक पत्रलेखन. आता पत्र ई-मेलच्या नमुन्यात विचारतात, अन् लेकरांनी जन्मात ई-मेल पाठवलेला नसतो. विषयाच्या ओळीत "पत्र" एवढंच लिहितात. तर आम्ही शाळेच्या मेलवरून खरं पत्र पाठवलं, एसटीच्या आगारप्रमुखांना, शाळा सुटायच्या वेळेची गाडी अर्धा तास उशिरा सोडा म्हणून. मसुदा फळ्यावर सगळ्यांनी मिळून केला. पहिला मसुदा असा होता, "तुमची बस आमच्यासाठी थांबत नाही हे बरोबर नाही." एक पोरगी म्हणली, सर असं लिहिलं तर ते अजून थांबवणार नाहीत. बरोबर बोलली! मग विनंती कशी करायची, गाडीची वेळ, गावाचं नाव, किती पोरं, किती अंतर चालावं लागतं, हे सगळं आपोआप आलं. आगाराचं नाव घेत नाही, उत्तर काय आलं नाही, मग स्मरणपत्र. ते तर पुस्तकात पण नाही. आता दुसऱ्या स्मरणपत्राची तयारी चालूय अन् पोरं माझ्यापेक्षा पेटलीत.

दुसरी जागा बातमी. "पीकविमा उद्या सगळ्यांच्या खात्यात जमा होणार, लगेच सगळ्या ग्रुपवर पाठवा" हा मेसेज तुमच्याकडं पण आला असेल, दर दोन महिन्याला येतोच. तो तसाच्या तसा फळ्यावर लिहायचा. उद्या म्हणजे कोणती तारीख? सगळ्यांच्या म्हणजे कुठल्या जिल्ह्याच्या, कुठल्या पिकाच्या, खरीप का रब्बी? कोण म्हणलं, कुठं म्हणलं? एक एक प्रश्न विचारला की ते फॉरवर्ड सोललेल्या कांद्यावानी संपतंच, हातात काय उरत नाही. त्यानंतर त्यांना गावातलीच खरी बातमी लिहायला लावायची, मी हापशाची दिली होती, तारीख अन् माणसाचं नाव आल्याशिवाय वही तपासत नाही म्हणलं. मेसेजवर दोन बाण असले म्हणजे तो लई हातांतून फिरून आलाय हे पण दाखवा, मोठ्या माणसांनाच माहीत नसतं.

एआयच्या निबंधाला माझ्याकडं एकच औषध. घरी निबंध द्यायचाच नाही. वर्गात, समोर, विषय असा की यंत्राला माहीतच नसतो, "आमच्या गल्लीतलं किराणा दुकान". उधळण बिधळण बंद होते.

गोदाकाठ_नांदेड

खडूफळा सरांशी निम्मा सहमत. हातानं लिहिणं पाहिजेच, पण टायपिंग सोडून चालणार नाही, कारण ही लेकरं उद्या तलाठ्याला अर्ज करतील, दुकानाचा बोर्ड करतील, सगळं फोनवरच. अन् टायपिंगमधूनच शुद्धलेखन शिकवता येतं हे कुणी बघत नाही.

गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डवर इंग्रजी अक्षरात pani असं दाबलं की वर पाणी पण येतं अन् पानी पण येतं, shala दाबलं की शाळा येतं अन् शाला पण येतं. लेकरू पहिलं जे दिसल ते दाबतं. आमच्याकडं बोलताना पानीच म्हणतात त्याच्यामुळं त्याला काही खटकत पण नाही. मी टीव्हीला फोन जोडतो (हा टीव्हीचा खरा उपयोग मास्तर), एक वाक्य सांगतो, एक पोरगं टाइप करतं, बाकीचे ओरडून सांगतात कोणतं निवडायचं अन् का. न-ण, ल-ळ, ऱ्हस्व-दीर्घ, दहा मिनिटात एवढी चर्चा होती की पाठ शिकवून होत नाही. कीबोर्डला मराठी भाषा निवडलेली आहे का ते आधी बघा, बऱ्याच फोनवर हिंदीच असते अन् मग "आणि"चं भलतंच काही होतं.

बोलून टायपिंग पण करून बघा, माइकचं बटण दाबून. लेकरू त्याच्या भाषेत बोलतं, "म्या उद्या शेताकडं जाऊलालो", अन् यंत्र काहीतरी तिसरंच छापतं. सगळा वर्ग हसतो. मग मी म्हणतो यंत्राला आपली बोली येत नाही, त्याचा दोष, आता हेच वाक्य परीक्षेत कसं लिहायचं सांगा. घरचं बोलणं चूक आहे असं न म्हणता प्रमाण भाषा शिकवायला ह्याच्यापेक्षा बरा रस्ता मला सापडला नाही.

वाचायला काय द्यायचं म्हणाल तर "किशोर"चे जुने अंक. बालभारतीनं १९७१ पासून काढलेलं मासिक, जुने अंक नेटवर फुकट वाचायला ठेवलेत. स्टोरीवीव्हर नावाच्या साइटवर मराठी गोष्टी आहेत, त्या पण फुकट, शाळेत उतरवून घ्या म्हणजे नेट गेलं तरी चालतं. अन् मराठी विकिपीडियावर आपल्या गावाचं पान काढून बघा. बहुतेक गावांच्या पानावर चार ठरलेली वाक्यं असतात, हवामान कसं, पाऊस किती. "ह्याच्यात आपल्या गावाचं काय नाही?" विचारा. पण तिथं भर घालायची तर "आमचे गाव खूप सुंदर आहे" चालत नाही, पुरावा द्यावा लागतो. नववीच्या पोरांना मत अन् माहिती ह्यातला फरक मी तिथूनच शिकवला. अंबाजोगाईवाल्यांना तर मजाच आहे, मुकुंदराजांची समाधी तिथली, दासोपंतांची पासोडी तिथली. म्हणजे कापडावर ग्रंथ लिहिलेला माणूस आपल्याच भागातला, त्याला स्क्रोल शिकवायची गरज नव्हती :)

परभणीचा_बाप

मी शिक्षक नाही, पालक आहे, पोरगी आठवीत. तुमचं सगळं वाचलं, चांगलं वाटलं, पण आमची बाजू पण ऐका. आमच्या ग्रुपवर रात्री साडेदहाला पीडीएफ येतो, उद्या लिहून आणा म्हणून. मी दिवसभर रानात, फोन माझ्यापाशी, मोटारीची लाईट रात्री बाराला येती तर मी तो फोन लेकराला द्यायचा का मोटार बघायला न्यायचा? अन् पीडीएफ मोबाईलवर वाचून वहीत लिहायचं ह्याला डिजिटल का म्हणायलेत हे मला कुणी समजून सांगा.

दुसरं. पोरीनं कविता म्हणलेला व्हिडिओ सरांनी आम्हाला न विचारता स्टेटसला लावला, तिथून कुणीतरी फेसबुकवर टाकला. हेतू वाईट नव्हता, मला माहीत आहे. पण पाव्हण्यांचे फोन आले, पोरगी आता वर्गात कविता म्हणायला उठत नाही. विचारायला काय जातं?

बालाघाटची_ताई

दादा, अगदी बरोबर बोललात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पण १८ वर्षांच्या आतल्या लेकरांच्या माहितीसाठी आईबापाची संमती सांगितलीय, अन् व्हॉट्सॲप स्वतःच १३ च्या खालच्यांना नको म्हणतं. पण कायदा सोडा, साधी रीत आहे ती. आमच्याकडं लेकराचा चेहरा कुठंच जात नाही, आवाज फक्त घरच्यांकडं जातो. लेकरांचा ग्रुप नाहीच, पालकांचा आहे, संध्याकाळी सातच्या आधी टाकायचं अन् दोन दिवसांची मुदत. ज्यांच्याकडं फोन नाही ते शाळेत माझ्या फोनवर बोलतात, सगळ्यांसमोर नाही, व्हरांड्यात.

अन् खडूफळा सर, वगारच झाली.

जालन्याचा_मास्तर

सगळ्यांचे आभार, एवढं उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. पीकविम्याचं फॉरवर्ड या सोमवारी घेतो, आमच्या सरपंचांनीच टाकलंय त्यामुळं नाव झाकून घ्यावं लागल. टीव्हीला फोन जोडून टायपिंगचं पण पटलं, टीव्ही वाया गेला म्हणून गाव बोंबलणार नाही.

ताई, ओव्यांबद्दल एक. आमच्या एका पोराची आजी लई गाते पण म्हणती रेकॉर्ड करू नको, माझा आवाज बसलाय. पोरगं म्हणतं चोरून करतो. मी नाही म्हणलं. अन् रेकॉर्डिंगच्या फायली ठेवायच्या कुठं, माझा फोन आत्ताच भरलाय, सगळ्या विभागाच्या लिंका अन् स्क्रीनशॉटनं.

बालाघाटची_ताई

चोरून अजिबात नको. आजी म्हणत असल तर पोरानं नुसतं ऐकावं अन् हातानं लिहावं, पूर्वी असंच लिहून घ्यायचे की. ती सांगताना हा लिहितोय हे बघून बऱ्याच आज्या स्वतःच म्हणतात, आण तो फोन. नाही म्हणल्या तरी वहीत ओवी आलीच.

फायलींचं, शाळेच्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर करा, नावात आजीचं नाव, गाव, तारीख, नाहीतर सहा महिन्यांनी सगळ्या फायली "ऑडिओ एक, ऑडिओ दोन" होऊन बसतात. व्हॉट्सॲपवरून घेताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. अन् पंखा बंद करून रेकॉर्ड करायला सांगा सर, आमच्या पहिल्या सगळ्या ओव्यांत पंखाच जास्त गातोय.