नागपूर परिसरात यंदा कोणता वेगळा पक्षी दिसला?

होळी आटोपली, तलावांवरचे पाहुणे परतीला लागले. यंदाचा हिशोब मांडू या. नागपूर-उमरेड-बुटीबोरीच्या टापूत नेहमीपेक्षा वेगळं काय दिसलं, कुठे दिसलं आणि खात्री कशी पटली ते लिहा. फोटो नसला तरी चालेल. घरटं असेल तर जागा मात्र सांगू नका, दुसऱ्या दिवशी तिथे दहा लेन्स उभ्या राहतात.

सुरुवात माझ्यापासून. जानेवारीत पारडगावच्या तलावावर पट्टकादंब हंस. धुक्यामुळे आधी फक्त आवाज आला, नाकात बोलल्यासारखा. उजाडल्यावर मोजले, 63 भरले. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, त्यामुळे ओळखायला अडचण नाही. मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येणारी ही मंडळी 7000 मीटरहून उंच उडताना नोंदली गेली आहेत. एकाच्या मानेत अभ्यासकांनी घातलेला, नंबराचा खुणेचा गळपट्टा होता. त्यावरची अक्षरं वाचायला दोन तास पालथा पडून राहिलो. दोन मिळाली, बाकीची चिखलाखाली. अर्ध्या नंबरावरून काय कळणार! ती चुटपुट अजून आहे.

मानेवाडा
माझा अनुभव गेल्या मेअखेरचा आहे, चालेल ना? संध्याकाळी बाल्कनीच्या काचेवर धप्प आवाज झाला. खाली मुठीएवढा पक्षी, आखूड शेपटी, पोटाखाली लालभडक, पंखावर निळा चट्टा. नवरंग! पावसाळ्यात वीण करायला दक्षिणेकडून आपल्या जंगलांत येतो, ते येणंही रात्रीचं, त्यामुळे थकून काचांवर आदळतो. सासूबाई चमच्यानं पाणी पाजायला निघाल्या होत्या, त्यांना थांबवलं, कारण पाणी श्वासनळीत जाऊ शकतं. बुटाच्या खोक्याला भोकं पाडली, आत जुना टॉवेल, वर झाकण, आणि घरातला टीव्ही बंद. सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट सेंटरला, म्हणजे जखमी पक्षी-प्राण्यांच्या उपचार केंद्राला न्यायचं ठरवून गाडीची किल्ली शोधत होते, तेवढ्यात खोक्यात खडखड सुरू झाली. गच्चीत नेऊन झाकण उघडलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग मागच्या आंब्यात गेला. टॉवेलवर एक लहानसं निळं पीस राहिलं होतं.

धरमपेठ
पांढरी साळुंकी. डिसेंबरभर आमच्या गल्लीत होती. चोच आणि पाय पिवळे, बाकी दुधासारखी. सगळे अल्बिनो म्हणत होते, पण दुर्बिणीतून डोळा पाहिला तर गडद. अल्बिनोचा डोळा गुलाबी-लाल असतो. म्हणजे फक्त पिसांतला रंग गेलेला. बाकीच्या साळुंक्या तिला काही वेगळं वागवत नव्हत्या. वेगळं वागवत होतो ते आम्हीच.

हिंगणा
गोरेवाड्याला रानपिंगळा दिसला भाऊ! भरदिवसा फांदीवर बसून होता. फोटो जोडतो.

धागा काढणारा
भाऊ, फोटो झकास आहे, पण हा आपला साधा पिंगळा. डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी बघा. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं असतं. दिवसा दिसला म्हणून फसलात, साधाही दिवसा बसतोच. रानपिंगळा 1884 नंतर थेट 1997 मध्ये नंदुरबारकडच्या जंगलात सापडला. आपल्याला त्यासाठी मेळघाट गाठावं लागेल.

हिंगणा
काऊन बावा, एवढा आनंद झाला होता! बरं, पिंगळा तर पिंगळा.

खामला
मी तर पावशाला शिक्रा समजून आठवडाभर वहीत लिहीत होतो. शेवटी तो ओरडला.

वर्धा रोड
नोव्हेंबरात मिहानच्या मोकळ्या माळावर तारेवर ओळीनं सहा लहान ससाणे. आधी वाटलं खरुची, म्हणजे माळावर नेहमी दिसणारा छोटा ससाणा. पण खरुची अशी घोळक्यानं बसत नाही, आणि यांचे पाय केशरी! नर राखाडी, मांड्या तांबूस. अमूर ससाणे. सायबेरिया, ईशान्य चीनकडून निघून नागालँड-मणिपूरमार्गे अरबी समुद्र पार करून आफ्रिकेत जातात. वाटेत आपल्या माळावर चतुर पकडत होते. पकडायचे आणि उडता उडताच पायातला चतुर वाकून खायचे. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून गेलो, तार रिकामी.

उमरेडकडचा शेतकरी
तुमचे हंस मी लहानपणापासून बघतो. दिवसा तलावावर झोपतात, फोटो तुम्ही काढता. रात्री माझ्या हरभऱ्यात उतरतात ते कोणी बघत नाही. कोवळे शेंडे कात्रीनं कापल्यासारखे. यंदा बांधाकडच्या दोन-तीन ओळी गेल्या. डबा वाजवला की उठतात, तलावाला एक चक्कर मारून परत येतात. गोळी घालायची नाही, आणि मलाही घालायची नाहीच. पण 63 मोजले म्हणता, तर पुढच्या वेळी रात्री या. चहा देतो, डबा तुम्ही वाजवा.