मणिपूरचे आठ, महाराष्ट्राचा एक, आणि तरीही संघ बरोबरच निवडलाय

नीलकंठ_पार्ले (२२ सप्टेंबर २०१७)

काल सतरा वर्षांखालील फुटबॉल वर्ल्ड कपसाठी भारताचे एकवीस जण जाहीर झाले. संध्याकाळपर्यंत थेट_बोलतो यांची पोस्ट सगळीकडे फिरत होती. त्यात तीन गोष्टी आहेत: मणिपूरची आठ पोरं आणि महाराष्ट्राचा एकटा अनिकेत जाधव, म्हणजे आपल्यावर अन्याय झाला, यजमान म्हणून फुकटात घुसलेला हा संघ आहे, आणि तीन मॅचमध्ये पंधरा गोल खाऊन देशाची अब्रू जाणार. खाली शेकडो लोकांनी ‘अगदी बरोबर’ लिहिलंय. मला ते वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी अन्यायाचं बघू. फुटबॉलचा संघ म्हणजे जिल्हा परिषद नव्हे, गटागटाला जागा वाटून द्यायला. धीरज, बोरिस, सुरेश, निंथोई, अमरजित, जॅक्सन, नाओरेम, शाहजहान. यातला कोण काढायचा आणि त्याच्या जागी आपला कोण घालायचा, नाव सांगा. धीरजला काढून गोलमध्ये कुणाला उभं करणार? अमरजितला कर्णधार कोचने परस्पर केलेला नाही, पोरांनी मतदान करून निवडलाय. त्याची आई इम्फाळला मासे विकते. तो लहानपणीच घर सोडून चंदीगडच्या अकादमीत गेला. आपल्याकडे आठवीतल्या पोराला आईबाप क्लास बुडवून मॅचला जाऊ देतात का? दहावीचं वर्ष आलं की बूट माळ्यावर जातात.

ईशान्येत काय चाललंय ते डोळे उघडून बघा. मिझोरामने २०१४ ला संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांमधली राष्ट्रीय स्पर्धा, जिंकली. यंदा मिझोरामच्याच आयझॉल क्लबने मोठमोठ्या क्लबांना मागे टाकून आय-लीग ही देशातली क्लबांची लीग जिंकली. इम्फाळचा नेरोका सेकंड डिव्हिजन जिंकून वर आला. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन खाली घसरला. महिंद्रा युनायटेड २०१० मध्येच बंद झाला, पुढे पुणे एफसीही गेला. मुंबई-पुण्यात पैसा आहे, लोक आहेत, पण सोळा वर्षांच्या पोराला वर्षभर खेळायला लीग नाही. मग तो निवडसमितीला दिसणार कुठून?

आता मॅचेसचं. ६ ऑक्टोबरला अमेरिका, ९ ला कोलंबिया, १२ ला घाना. गट अवघड आहे, मान्य. पण सहा गटांतून तिसऱ्या नंबरचे चार संघही पुढे जातात, म्हणजे एक विजय मिळाला तरी आशा राहते. हा संघ किमान एक पॉइंट घेईल असं मला मनापासून वाटतं. पंधरा गोल वगैरे लिहिणाऱ्यांनी या पोरांची एक तरी मॅच पूर्ण बघितली आहे का?

थेट_बोलतो

पूर्ण बघितल्यात, म्हणूनच लिहिलं. मे महिन्यात इटलीला २-० ने हरवलं म्हणून केवढा गाजावाजा केला. नंतर कळलं की समोर इटलीचा खरा राष्ट्रीय संघ नव्हता, खालच्या लीगमधल्या क्लबांची निवडक पोरं होती. ऑगस्टमध्ये मेक्सिकोत खरे संघ भेटले. मेक्सिकोने ५-१, कोलंबियाने ३-०. तीच कोलंबिया आता आपल्या गटात आहे. अमेरिकेकडे जॉश सार्जंट आहे, जो यंदा वीस वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्येही खेळून गोल करून आलाय. घाना दोनदा जगज्जेता आहे. तुम्ही पॉइंट कुठून आणणार ते सांगा.

आणि संघ म्हणाल तर तो धड दोन वर्षं एका माणसाच्या हाताखालीसुद्धा राहिला नाही. आधीचा कोच निकोलाय अ‍ॅडमने पोरं जमवली, जगभर फिरवली. मग पोरांनी सह्या करून तक्रार केली, तो गेला, मार्चमध्ये आताचा कोच मातोस आला. सहा महिन्यांत नवीन पद्धत, नवीन पोरं. पंजाबातल्या मिनर्व्हा क्लबच्या अकादमीच्या पोरांनी याच संघाला सरावात हरवलं, तेव्हा कुठे त्यांच्यातले काही घेतले. मग आधीची दोन वर्षं स्काऊट काय करत होते?

नीलकंठ_पार्ले

मेक्सिकोतलं चिलीविरुद्धचं १-१ तुम्ही सोयीस्कर विसरलात. गेल्या वर्षी गोव्यात एशियन स्पर्धेत सौदीशी ३-३ झालं होतं, तेही विसरलात. ब्राझीलविरुद्ध कोमल थाटलने मारलेला गोलही. इटलीचं तुमचं म्हणणं खरं आहे. तो निकाल मी या वादात वापरलेला नाही, वापरणारही नाही.

मिनर्व्हाचं मात्र उलट बघा. जो संघ आपल्याला हरवतो त्यातली पोरं निवडायला कोचने लाज बाळगली नाही. याला चांगली निवड म्हणतात.

फातोर्डा_स्टँड

तुम्ही महाराष्ट्रवाले एकावरून भांडताय. गोव्याचा एकही नाही. एकही! हा संघ वर्षानुवर्षं आमच्याकडे राहून सराव करत होता, आमच्या मैदानांवर घडला, आणि एकवीसमध्ये गोंयकार शून्य. माझ्या वडिलांच्या काळात भारताचा संघ गोव्याशिवाय कुणी कल्पनेतही आणला नसता. ब्रह्मानंद, ब्रुनो कुतिन्हो या भारताकडून खेळलेल्यांच्या गावातली आम्ही माणसं. आमच्या वाड्यावर अजून दर रविवारी मॅच होते, चर्चच्या फेस्ताला टुर्नामेंट होते. पण पोरगा अठराचा झाला की बोटीवर नोकरीला नाहीतर पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला. फुटबॉलमध्ये पोट भरत नाही हे त्याला घरातच दिसतं. आमचे मोठे क्लब गेल्या वर्षी आय-लीग सोडून बाहेर पडले, तेव्हापासून तर पोरांना वर चढायला शिडीच उरली नाही. अन्याय वगैरे मी म्हणणार नाही. पण दुःख झालं, आणि ते इथे मांडल्याशिवाय राहवलं नाही.

रंकाळा_एंड

सगळ्यांनी ‘एकटा अनिकेत’, ‘एकटा अनिकेत’ लावलंय. तो एकटा कुठून आलाय ते सांगा की! कोल्हापूरचा आहे तो. रिक्षावाल्याचं पोरगं. मुंबईत कूपरेज आहे, पुण्यात बालेवाडी आहे, पण फॉरवर्ड दिला कोल्हापूरनं. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींची, म्हणजे पेठेतल्या क्लबांची, मॅच असली की उभं राहायला जागा मिळत नाही. दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी. प्रत्येक पेठेत घराघरात फुटबॉल आहे. महाराष्ट्राचं फुटबॉल म्हणजे कोल्हापूर, हे एकदा मान्य करा आणि निवडसमितीला वर्षातून एकदा आमच्या लीगला पाठवा. चार अनिकेत घेऊन जातील.

स्वाती_बालेवाडी

रंकाळा दादा, अनिकेत कोल्हापूरचा आहे हे शंभर टक्के खरं. पण तो घडला क्रीडा प्रबोधिनीत, पुण्यातल्या सरकारी क्रीडा शाळेत. लहान वयात घर सोडून हॉस्टेलवर राहिला, सकाळ-संध्याकाळ सराव, ठरलेलं जेवण, कोच कायम समोर. तालमीच्या लीगमध्ये तो बारा वर्षांचा असताना त्याला कुणी खेळवलं असतं का? तिथे सगळं सीनियर टीमभोवती फिरतं. मंडळाचा पैसा बाहेरून आणलेल्या नायजेरियन खेळाडूंवर जातो आणि पेठेतला सोळा वर्षांचा पोरगा बाकावर बसून राहतो.

रंकाळा_एंड

ताई, पुण्यात बसून तालमीवर बोलू नका. पहिला बॉल त्यानं कुठं मारला? बूट कुठं बघितले? प्रबोधिनीनं काय दगडातून खेळाडू काढला का? आमच्या पेठेत पोरगं चालायला लागलं की त्याच्या पायात बॉल येतो, म्हणून ट्रायलला गेल्यावर ते निवडलं जातं. नायजेरियनबद्दल म्हणाल तर त्यांच्याबरोबर खेळून आमच्या पोरांना ताकद कळते. घानासमोर उभं राहायचं म्हणजे हेच की!

स्वाती_बालेवाडी

मी कोल्हापूरचीच आहे दादा, माहेर शिवाजी पेठेत. माझे दोन्ही भाऊ तालमीत खेळले. धाकट्याचा गुडघा सतराव्या वर्षी गेला. मॅच महत्त्वाची होती, म्हणून गुडघ्याला पट्टी बांधून उतरवला. फिजिओ नव्हता, डॉक्टर नव्हता. नंतर ऑपरेशनचा खर्च बाबांनी केला. मैदानात खांद्यावर घेऊन नाचणाऱ्यांपैकी घरी बघायला दोघंच आले. आज तो दुकान सांभाळतो आणि जिना चढताना कठडा धरतो. म्हणून मला सांगू नका की ताकद कशी कळते. लहान पोराला मोठ्या माणसांत उतरवून ताकद कळत नसते, तो मोडतो. अनिकेत वाचला कारण तो वेळेवर तिथून बाहेर पडला.

रंकाळा_एंड

भावाचं ऐकून वाईट वाटलं. खरंच. पण एका मंडळानं केलं म्हणून सगळ्या तालमींवर बोट दाखवू नका. आमच्या मंडळात पोरगं पडलं की वर्गणी काढतो आम्ही.

फातोर्डा_स्टँड

वर्गणी काढावी लागते हाच तर स्वातीताईंचा मुद्दा आहे ना? विमा का नाही?

रंकाळा_एंड

तुमच्या गोव्यात आहे काय विमा प्रत्येक वाड्यावरच्या पोराला? असला तर शून्य का आला?

फातोर्डा_स्टँड

शून्याचं मी स्वतःच लिहिलं, पहिल्या ओळीत लिहिलं. तेच उचलून माझ्या तोंडावर मारताय. एवढी मग्रुरी बरी नव्हे.

एडिसनकर

वादात पडू नये म्हणत होतो, पण एक नाव कुणीच घेतलं नाही. नमित देशपांडे. बॅक म्हणजे बचावपटू आहे, अमेरिकेत वाढलेला मराठी पोरगा. इथल्या क्लबची सोय सोडून तो भारतासाठी खेळायला आला. कॅनडाचा सनी धालीवाल तर तिकडचा पासपोर्ट सोडून आलाय. महाराष्ट्राचे किती हे मोजणाऱ्यांना नमित दिसत नाही का? की आम्ही दूर गेलो म्हणजे परके झालो?

माझी मुलगी इथे अमेरिकेत आठव्या वर्षापासून खेळते. तिच्या वयोगटाला आठवड्याला दोन सराव आणि शनिवारी मॅच. अगदी सामान्य क्लब आहे, मोठं काही नाही. पण वर्षातले बहुतेक महिने ती खेळते. नीलकंठराव म्हणतात ती लीग म्हणजे हेच.

थेट_बोलतो

नमितबद्दल आदर आहे. पण तिकडे वाढलेली पोरं घ्यावी लागतात, हीच आपल्या व्यवस्थेची हार आहे. माझा मुद्दा पक्का होतोय.

आणि राग कशाचा आहे तेही लिहितो. माझा मुलगा जिल्ह्याच्या चौदा वर्षांखालच्या ट्रायलला गेला होता. समोरच्या संघात दाढी करून आलेली पोरं. मी जन्मदाखले बघायला मागितले तर टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, ‘तुमच्या पोराला खेळवायचंय की नाही?’ मुलाने घरी येऊन बूट फेकले, पुन्हा घातले नाहीत. म्हणून महाराष्ट्राचा एकच बघितला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. या पंधरवड्यातच सरकारने राज्यभर फुटबॉलचा दिवस साजरा केला, लाखो पोरांनी बॉल मारला, फोटो आले. दुसऱ्या दिवशी आमच्या मैदानावर लग्नाचा मांडव. भारताच्या मॅचेस नवी मुंबईत व्हायच्या होत्या, त्याही दिल्लीला नेल्या. आमच्या पोरांनी आपला संघ निदान डोळ्यांनी तरी बघितला असता!

नीलकंठ_पार्ले

हे तुम्ही आधी लिहिलं असतं तर मी तुमच्याविरुद्ध धागा काढला नसता. दाखल्यांचं शब्दन् शब्द पटलं. पण मग मणिपूरच्या पोरांवर राग का काढता? तुमच्या मुलाला टेबलावरच्या त्या माणसाने बाहेर काढलं, अमरजितने नाही. आणि फिफाच्या या स्पर्धेत वय तपासायला मनगटाचा एमआरआय होतो, तिथे दाढीवाले चालत नाहीत. या एकवीस जणांत कुणी तसला असता तर आत आलाच नसता. तुमच्या मुलाला जे मिळालं नाही, ते इथे निदान तपासलं जातंय.

नवी मुंबईचं मलाही लागलंय. डी. वाय. पाटीलवर भारत खेळणार म्हणून आमच्या सोसायटीतली पोरं वर्षभर वाट बघत होती.

थेट_बोलतो

मणिपूरबद्दलची ओळ मी पोस्टमधून काढतो. आठही जण जागेवर आहेत, त्यातल्या एकाच्याही जागी मला आपला माणूस सुचला नाही, हे कबूल. पण गोलांचं मागे घेत नाही. अमेरिका उंच आहे, धावते, आणि आपले बॅक डाव्या बाजूने उघडे पडतात. मेक्सिकोत पडले, दिल्लीतही पडतील. मातोस पाच-सहा जण मागे ठेवून काउंटरवर, म्हणजे बॉल मिळाला की झटपट प्रतिहल्ल्यावर, खेळणार असतील तर अनिकेतला अख्खी मॅच एकट्याने समोरच्या दोन स्टॉपरमध्ये (मधल्या बचावपटूंत) पळावं लागेल. त्यापेक्षा रहीम अलीला त्याच्या जोडीला द्या. गोल खाणारच आहोत तर एखादा मारूनही घेऊ.

रंकाळा_एंड

हे पहिलं शहाणपणाचं बोललात. अनिकेतला जोडी पाहिजेच. तो पाठ देऊन बॉल धरतो, पण पास द्यायला जवळ कोण नको काय?

स्वाती_बालेवाडी

जोडी दिली तर मधली फळी एकाने कमी होते. समोर कोलंबिया आहे, मध्ये त्यांना मोकळीक दिली तर सुरेश आणि अमरजित नुसते मागे धावत राहतील. मी जॅक्सनला बॅकच्या पुढे बसवेन. उंच आहे, कॉर्नरला दोन्हीकडे उपयोगी पडतो.

रंकाळा_एंड

म्हणजे परत अनिकेत एकटाच! ताई, माहेरच्या पोराला तरी सोडा की.

स्वाती_बालेवाडी

माहेरच्या पोरालाच जपतेय. नव्वद मिनिटं एकटा पळवू नका, साठाव्या मिनिटाला काढा आणि रहीमला आणा. अनिकेतच्या पुढे अजून पंधरा वर्षं खेळायची आहेत.

थेट_बोलतो

साठाव्या मिनिटाला ०-३ असेल तर रहीम येऊन काय करणार? सुरुवातीपासून दोघे. यावर मी हटणार नाही.