ताडपत्री टाकायला माणूस मालावर चढलाच पाहिजे का?

तिसरा_गिअर

मुद्दा आधी मांडतो, मग शिव्या घाला. उघड्या ट्रेलरवरचा माल झाकायला ड्रायव्हर-क्लीनरने मालावर चढणं बंद व्हावं. ताडपत्री वर जाऊ दे, माणूस खाली राहू दे. यात वेळ जातो असं सगळे म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे.

बावीस वर्षं ट्रेलर चालवला. रस्त्यावरच्या अपघाताची जेवढी धास्ती घेतली, तिच्या निम्मीही मालावरून घसरण्याची कधी घेतली नाही. मग एकदा पहाटे लाकडी फळ्यांच्या गठ्ठ्यांवर चढलो. गठ्ठ्यांना वरून प्लास्टिक गुंडाळलेलं, त्यावर दव. दव म्हणून काही दिसत नाही, नुसती चकाकी दिसते. घडी पुढे लोटायला जोर लावला आणि पायाखालचं प्लास्टिकच सरकलं. दोन गठ्ठ्यांच्या फटीत पाय अडकला म्हणून घोट्यावर निभावलं. खाली काँक्रीट होतं.

ट्रेलरची फळी जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर. वर अडीच मीटर माल. म्हणजे चार मीटर उंचीवर, कठडा नाही, आणि ओझं ओढायचं. जाड पीव्हीसी ताडपत्री चौरस मीटरला ६०० ग्रॅमच्या आसपास भरते. ५० चौरस मीटरची घेतली तर नुसतं कापडच ३० किलो, कड्या आणि दुमडलेल्या कडा वेगळ्या. भिजलेल्या कॅनव्हासचं तर बोलूच नका.

आता आम्ही असं करतो. ताडपत्रीच्या दोन्ही बाजू मध्यरेषेपर्यंत दुमडतो (मध्यावर रंगाचा पट्टा मारलाय, त्याने निम्मा गोंधळ कमी झाला), मग मागच्या टोकाकडून पुढे गुंडाळतो. गुंडाळीच्या पोटात पाइप, पाइपच्या दोन्ही टोकांना दोर. फोर्कलिफ्टने गुंडाळी मालाच्या पुढच्या टोकावर ठेवायची, मोकळी कड केबिनमागच्या जाळीला बांधायची आणि दोघांनी दोन बाजूंनी जमिनीवरून दोर ओढत मागे जायचं. बाजू खाली सोडायला आकडी लावलेली काठी. दोघांना पूर्वी ४५ मिनिटं लागायची, आता २५.

मालकच_मी

सपाट मालावर हे सगळं छान. माझ्या गाड्यांवर यंत्रं असतात. कुठे शाफ्ट बाहेर, कुठे दांडा वर. दोर ओढलात की ताडपत्री कोपऱ्यात अडकणार, फाटणार, आणि सोडवायला शेवटी चढावंच लागणार. तेही चिडून आणि घाईत. त्यापेक्षा शांतपणे आधीच चढलेलं बरं.

आणि फोर्कलिफ्ट काय खिशात घेऊन फिरता का? माल चढला की फोर्कलिफ्टवाला पुढच्या गाडीकडे जातो, आपल्याकडे बघतही नाही. मी ड्रायव्हरांना सेफ्टी बेल्ट घेऊन दिलेत. बेल्ट लावा, माल आवळलेल्या पट्ट्याला अडकवा, चढा. स्वस्त आणि मस्त.

पाना_बारा

मालक, रागावू नका, पण तो बेल्ट तुमच्या ड्रायव्हरला वाचवणार नाही. मी उंचीवरच्या कामाची साधनं तपासतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बेल्टची नेहमीची दोरी १.८ मीटरची. झटका शोषणारी घडी असेल तर पडताना ती उघडते, आणखी मीटरभर. बेल्टची कडी पाठीवर, तिथून पायापर्यंत दीड मीटर. शिवाय पायाखाली थोडी सुटीची जागा धरा. दोरी पायाशी अडकवलेली असेल तर माणूस पूर्ण थांबायला पाच मीटरच्या वर मोकळी उंची लागते. तुमचा माल चार मीटरवर. दोरी ताणली जाऊन घडी पूर्ण उघडेपर्यंत माणूस जमिनीवर. झटका न शोषणारी साधी दोरी असेल तर ती आधी थांबवेल, पण तो झटका अंगाला सोसणारा नसतो. शिवाय ज्या पट्ट्याला अडकवायचं म्हणता तो माल आवळायला आहे, माणूस झेलायला नाही.

बेल्ट उपयोगी पडतो तो दोरीचं टोक डोक्यावर असेल तेव्हा. म्हणजे वरून जाणारा रूळ, त्यावर सरकणारी गाडी आणि तिला आपोआप गुंडाळली जाणारी दोरी. अशी दोरी साधारण अर्ध्या-पाऊण मीटरात अडते. तरी टोकापासून लांब गेलात तर लंबकासारखे झोके घेऊन ट्रेलरच्या बाजूवर आदळाल. आणि लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली घ्यायला खाली कुणीतरी हवं. एकट्याने बेल्ट लावून चढणं म्हणजे मनाची समजूत.

ब्रिटनच्या २००५ च्या उंचीवरील कामाच्या नियमांत क्रम स्पष्ट आहे: आधी चढणं टाळता येतं का बघा, नाही जमलं तर पडणं अडवा, तेही नाही जमलं तर पडल्यावरची इजा कमी करा. बेल्ट या यादीत तळाशी येतो. आपण सुरुवात तिथूनच करतो.

मालकच_मी

पाच मीटरचा हिशोब मला माहीत नव्हता. कबूल. पण मग रूळ लावलेलं स्टँड माल भरणाऱ्याने द्यावं. ताडपत्री हवी अशी अट त्याची, माल त्याचा, जागा त्याची. ट्रेलरबरोबर स्टँड घेऊन मी कसा फिरू?

गोदामवाली

इथे माझ्यासारख्यांनी बोलायला हवं. मी माल भरण्याच्या आवाराची जबाबदारी सांभाळते. खरं सांगते, आमच्याकडे बरीच वर्षं "ताडपत्री गेटबाहेर टाका" असा फलक होता. आवार मोकळं राहायचं, आत अपघात शून्य. लोक रस्त्याच्या कडेला, उतारावर, शेजारून गाड्या जात असताना चढायचे, तो आकडा कुणाच्याच वहीत नव्हता.

नंतर आतच एक जागा दिली. दोन्ही बाजूंना कठड्याचे मजले, मधे ट्रेलर उभा करायचा. आता ऐका, कौतुक करायला लिहीत नाहीये. जागा एकच आहे. तीन गाड्या मागे लागल्या की तिसरा ड्रायव्हर वाट बघून कंटाळतो आणि भिंतीआड जाऊन चढतो. आणि मजला ट्रेलरच्या बाजूला असतो, मालाच्या मध्यावर हात पोचत नाहीच. रुंद मालावर शेवटी एखादा पाय टाकला जातो.

म्हणून तिसरा गिअर भाऊंची २५ मिनिटं मला अर्धीच पटतात. रांगेतला तास त्यांनी धरलेला नाही.

तिसरा_गिअर

ताई, रांगेतला तास ड्रायव्हरच्या वेळात कधी धरला जातो? तोच तर वाद आहे. त्या तासाचं कुणी काही देत नाही, म्हणून माणूस भिंतीआड जाऊन चढतो. घाई त्याच्या स्वभावात नसते, ती त्याला लावलेली असते.

जुना_क्लीनर

सगळे टाकण्यावरच भांडताय. अहो, टाकायला पाच मिनिटं, बांधायला अर्धा तास. वेळ गाठींत जातो.

आणि खाली राहिलात म्हणजे वाचलात असंही नाही. रबरी ताण देणारे ते पट्टे, दोन्ही टोकांना लोखंडी हूक. एका हाताने ताणायचा, तोंड अगदी त्याच रेषेत, आणि हूक सुटला की थेट डोळ्यात. आमच्यातल्या एकाचा डोळा असाच गेला. तो वर चढलाही नव्हता. मी पट्टा ताणताना बाजूला उभा राहतो आणि तडा गेलेलं रबर फेकून देतो.

दोन ताडपत्र्या असतील तर मागची आधी टाका, पुढची तिच्यावर चढवा. उलट केलं की समोरचा वारा सांध्यात घुसतो आणि दहा मैलांत सगळं फुगतं. मग रस्त्यात थांबून परत चढा. एका फेरीत दोनदा चढणं इथून येतं.

पाना_बारा

वाऱ्याचा विषय निघालाच आहे तर. ताशी ३६ किलोमीटर वारा म्हणजे सेकंदाला १० मीटर. चौरस मीटरला साधारण ६ किलोचा दाब. तुमच्या हातात २० चौरस मीटर मोकळं कापड फडफडत असेल तर १२० किलोची ओढ. वारा दीडपट झाला की ओढ सव्वादोनपट, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. अशा वेळी कापड धरून ठेवू नये, सोडून द्यावं. वर उभा असलेला माणूस सोडत नाही, कारण आधाराला धरायला त्याच्याकडे तेवढंच असतं.

उघडाच_बरा

मला एक कळत नाही. निम्मा माल झाकायचाच कशाला? सिमेंटचे पाइप, जस्त चढवलेले खांब, दगड, यांना पावसाने काय होतं? आमच्या अटीत "सर्व माल झाकून" असं छापलेलं आहे म्हणून पाइपांवरही ताडपत्री. ती अट कुणी, का घातली, आज सांगायला कुणी नाही. आणि लोखंडी पत्र्यावर ओली ताडपत्री घट्ट बांधली तर आत वाफ धरते, थंडीत पाणी सुटतं, झाकूनच गंज चढतो. सगळ्यात सुरक्षित ताडपत्री म्हणजे जी टाकावीच लागत नाही.

मालकच_मी

हे मात्र एकदम पटलं. पण अट काढायला सांगितली की पुढची फेरी दुसऱ्याला जाते.

सरकत्या सांगाड्याची ताडपत्री मीही बघितली होती. रूळावर चालते, दोन मिनिटांत उघडते, क्रेनने वरून माल घालता येतो, चढायचं कामच नाही. पण सांगाड्याचं वजन काही शे किलो, तेवढा माल प्रत्येक फेरीत कमी. रुंद यंत्र आत बसत नाही. आणि एक कमान कुठे आदळून वाकली की सगळंच अडकतं, मग तिथेच रस्त्यात हातोडा. एकच तऱ्हेचा माल नेणाऱ्याने जरूर घ्यावी. माझा माल रोज वेगळा.

गोदामवाली

मग निदान यंत्रं तरी भरणाऱ्यानेच झाकून का देऊ नयेत? खाली जमिनीवर असतानाच कापड घालून शिवून टाकायचं, आणि मग उचलायचं. क्रेनच्या साखळ्यांना चार फटी ठेवल्या की झालं. आमच्याकडे दोन यंत्रांवर करून बघितलं. फटीतून पाणी शिरलं हे खरं, पण त्यावर पट्टी मारता येते, आणि ती मारायला कुणाला चार मीटर चढावं लागत नाही.

मालकच_मी

बघतो विचारून. "चढणं बंद करा" हे अजून पूर्ण पटलेलं नाही, लिहून ठेवा. पण तिसरा गिअर, तो पाइप कसला वापरता? लोखंडी असेल तर माणूस नाही पडला तरी पाइप पडेल कुणाच्या तरी डोक्यात.

तिसरा_गिअर

आधी पीव्हीसीचा होता, उन्हात वाकला. आता अ‍ॅल्युमिनियमचा. मागच्या टोकाच्या हातभर आधी ओढणं थांबवायचं आणि दोघांनी दोरापासून बाजूला व्हायचं, शेवटचं वळण काठीने. एकदा पडलाय. खाली कुणी नव्हतं.