मदत हवी आहे: एफटीपी लॉगिन होतं, पण फोल्डर दिसत नाहीत

मुलुंडला घरच्या विंडोज १० वरून फाइलझिला या प्रोग्रामने एफटीपीवरून (सर्व्हरवर फाइल पाठवायची जुनी पद्धत) मंडळाच्या वेबसाइटवर फोटो चढवायचे आहेत, साधारण २ जीबी. पोर्ट २१ वर लॉगिन होतं, पासवर्ड चालतो, पण डिरेक्टरी लिस्टिंगपाशी (फोल्डरची यादी येते तिथे) अडकून टाइमआउट. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तेच सगळं झटक्यात उघडतं, म्हणजे सर्व्हर ठीक असावा. पण मोबाइलचा डेटा रोजचा दीड जीबीच.

पॅसिव्ह-अ‍ॅक्टिव्ह दोन्ही मोड (यादी आणि फाइलसाठीची वेगळी जोडणी पॅसिव्हमध्ये आपण करतो, अ‍ॅक्टिव्हमध्ये सर्व्हर), विंडोजची फायरवॉल बंद करणं, राउटर रीस्टार्ट (केबलवाल्याचा पहिला सल्ला तोच!) सगळं झालं. एसएफटीपी (फाइल पाठवायची सुरक्षित पद्धत) आमच्या स्वस्त होस्टिंगमध्ये नाही. राउटरचं अ‍ॅडमिन पान उघडतं, त्यात 'एफटीपी एएलजी' (एफटीपीच्या जोडण्यांचे पत्ते-पोर्ट राउटरने स्वतः जुळवायची सोय) चालू दिसतंय. ते बंद करून बघू का? की पॅसिव्ह मोडमध्ये लागणारे मोठ्या क्रमांकाचे पोर्ट केबलवाल्याकडेच अडतायत, आणि ते घरून तपासायचं कसं?