तोड थांबवली की कॅरिबू वाचले?

लाकूडतोड्या:
'कॅनडात तोडबंदी करा, कॅरिबू (तिथलं रानटी रेनडिअर हरीण) आपोआप वाचतील' असं काल इथे कुणीतरी ठोकून दिलंय. राहवलं नाही म्हणून लिहितो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मी लाकूडगिरणीत होतो. गिरणी बंद पडली आणि गावातली शाळासुद्धा ओस पडली. बरं, करवत थांबली म्हणून जंगल टिकतं? २०२३ मध्ये कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जळलं. ते काय गिरणीवाल्यांनी पेटवलं?

देवदार:
गिरणीचं वाईट वाटतं. पण वणव्यानंतर जळकी खोडं उभी राहतात, त्यांवर सुतारपक्षी जगतात. तुम्ही खोडं उचलून नेता आणि वर रस्ते पाडता. तिथल्या डोंगरातला कॅरिबू हिवाळाभर जुन्या झाडांवरचं दगडफूल खातो. तोडलेल्या जागी कोवळी झुडपं फुटतात, त्यांवर मूस ही थोराड हरणं येतात, मूसमागे लांडगे. आणि लांडग्याला कॅरिबूपर्यंत जायला तुमचा रस्ता तयारच!

तिरकस:
म्हणून २०१५ पासून हेलिकॉप्टरमधून लांडगे टिपताहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी.

लाकूडतोड्या:
हसा. तिथलाच क्लिन्से-झा हा कॅरिबूंचा कळप २०१३ मध्ये ३८ पर्यंत घसरला होता. लांडगे मारले, आज शंभरावर आहे.

देवदार:
अर्धंच सांगता! वेस्ट मोबर्ली आणि सॉल्टो या तिथल्या मूळ रहिवाशांनी गाभण माद्या कुंपणात ठेवून पिल्लं जगवली, ते कुठे गेलं? आणि जंगल परत वाढेपर्यंत किती पिढ्या लांडगे मारणार?

घुबडपंथी:
मारण्यावरून आठवलं. अमेरिकेत ठिपकेदार घुबडासाठी १९९४ च्या आराखड्याने सरकारी जंगलातली तोड आवरली. तरी घुबड घटतंच आहे, कारण पूर्वेकडचं बार्ड घुबड घुसलंय. आता २०२४ च्या योजनेत ३० वर्षांत साडेचार लाखांपर्यंत बार्ड घुबडं मारायची आहेत. बंदीवाल्यांनी बोलावं.

देवदार:
तोड चालू असती तर ठिपकेदार घुबड कधीच संपलं असतं. बंदी पुरली नाही म्हणजे नकोच होती, हा कुठला हिशेब?

तिरकस:
थोडक्यात, माणूस सोडून सगळे दोषी.

लाकूडतोड्या:
तुम्हाला टोमणे सुचतात, आमची कामं जातात. बरं, काम संपल्यावर रस्ते उखडून झाडं लावा, खर्च कंपनीकडून घ्या. एवढं मान्य. खूश? आता नवं लाकडी कपाट घेतलंत की फोटो टाका, पहिला लाइक माझा.

देवदार:
कपाट आजोबांचं आहे. जुनं जंगल सोडून कुठे तोडणार, ते सांगा. तेवढंच टाळताय.