मारिया कॅलासला नक्की कशासाठी आठवायचं?

कोमल_निषाद:
ऑपेरा गायिका कॅलासवरचा कुठलाही लेख उघडा, तिचा प्रियकर ओनासिस, त्याने पुढे जिच्याशी लग्न केलं ती जॅकी केनेडी, घटवलेलं वजन, १९७७ मध्ये पॅरिसला एकाकी वारली, हे सगळं असतं आणि गाण्याला जेमतेम दोन ओळी. खूप राग येतो मला. जानेवारी १९४९ मध्ये व्हेनिसला ती वाग्नरच्या ऑपेरातली ब्रुनहिल्डा गात होती, तेवढ्यात 'इ प्युरितानी' या दुसऱ्या ऑपेराची मुख्य गायिका आजारी पडली, कंडक्टर सेराफिनने हिलाच उभं केलं आणि काही दिवसांत पाठ करून हिने त्यातली नायिका एल्विरा गायली! एकीकडे ऑर्केस्ट्राला पुरून उरणारा भरदार आवाज, दुसरीकडे बारीक वेगवान ताना, आणि गळा तोच.

सूरवेडा:
पराक्रम मान्य, पण गाणं कानाला गोड नको का लागायला? तिच्याच काळातली गायिका तेबाल्दी ऐका आणि लगेच कॅलासचे १९६० च्या आसपासचे वरचे सूर ऐका, सरळ हलतात हो. १९६५ ला लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात शेवटचा ऑपेरा केला तेव्हा वय फक्त ४१. आवाज राखणं हासुद्धा कलेचाच भाग आहे.

पहिली_रांग:
+१. आणि रोम, २ जानेवारी १९५८, 'नोर्मा' ऑपेराचा पहिला अंक झाला आणि बाई थांबल्या, समोर इटलीचे राष्ट्राध्यक्ष बसलेले. तिकीट काढून आलेल्या लोकांचं काय?

कोमल_निषाद:
@पहिली_रांग अहो आवाज बसला होता तिचा, तब्येत बरी नव्हती, तशात गाऊन गळा कायमचा घालवायचा का? आत्ताच वर आवाज राखण्याबद्दल बोलणं झालं ना, मग इथे तिने तेच केलं तर तो गुन्हा कसा!
@सूरवेडा गोडवा तेबाल्दीकडे जास्त, वादच नाही. पण १९५३ चं कंडक्टर दे साबाताचं 'तोस्का' ऑपेराचं रेकॉर्डिंग लावा, दुसऱ्या अंकात खलनायक स्कार्पियाला मारल्यावर तिचा आवाज कसा खाली, छातीत उतरतो ते ऐका. तिथे गोड गाणं खोटं वाटलं असतं. शिवाय १९५७ ला मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात 'आन्ना बोलेना' केला, तो ऑपेरा तोवर जवळजवळ विसरलेला होता. पुढे सदरलँड, काबाये या गायिकांनी हे जुने ऑपेरे गाजवले ते हिने वाट करून दिली म्हणून.

सूरवेडा:
बोलेनाचा मुद्दा पटला, ते श्रेय तिचंच. पण मग १९७३-७४ चा गायक दि स्तेफानोबरोबरचा दौरा कशाला केला? तेव्हा आवाज उरलाच नव्हता, ते ऐकताना मला त्रास होतो. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संगीत विद्यालयात शिकवत होती तेच पुढे चालू ठेवायला हवं होतं.