जुने कमोड, बेसिन आणि नळ

न्हाणीघर-संडास नव्याने करताना फोडलेले कमोड घंटागाडीत टाकावे, असे काही जण सुचवतात; ते मला पटत नाही. चिनीमातीचा हा राडारोडा बांधकाम व पाडकाम कचरा नियमांनुसार वेगळा ठेवावा लागतो आणि तो रस्त्यावर किंवा गटारात टाकता येत नाही. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरात ट्रॅक्टर ठरवतानाच तो कुठे रिकामा होणार हे विचारून घ्यावे, नाहीतर स्वस्तातला ट्रॅक्टर खाम नदीचे पात्र जवळ करायचा. जुना नळ कानशीने जरा घासून पाहावा: क्रोमच्या मुलाम्याखाली पिवळा धातू दिसला, तर तो बहुधा पितळेचा असतो आणि भंगारवाल्याकडे लोखंडाच्या ढिगात न टाकता पितळेच्या भावानेच तोलून द्यावा. शाबूत बेसिन मात्र फोडूच नये; शेतातल्या घराला ते खुशाल चालते.